बुटातलं जोडवं

पक्कड बोटाला टेकली तेव्हा माझी नणंद माझा घोटा दोन्ही हातांनी धरून बसली होती. आधार द्यायला नव्हे. डॉक्टरीणबाईंना कापता येऊ नये म्हणून. डाव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट वांग्यासारखं सुजून काळंनिळं पडलं होतं आणि त्या सुजेत माझं चांदीचं जोडवं इतकं रुतलं होतं की वरून नुसती एक चकाकती रेघ दिसायची. वास सुटला होता. खोलीत पंखा होता, तो हा वास सगळ्यांना सारखा वाटून देत होता.

मालक भिंतीजवळच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढली आणि जिभेखाली ठेवली. छातीत दुखत नव्हतं. पुढं दुखेल म्हणून आधीच ठेवली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या नणंदेला म्हणाल्या, मावशी, हात काढा, आधीच उशीर झालाय. नणंदेनं हात काढले नाहीत.

"न्हवरा जित्ता असताना जोडवं कापत्यात व्हय?" ती म्हणाली. "आदी माझ्या भावाकडं बगा. मग हिच्या बोटाकडं."

बाईंनी खरंच मालकांकडं बघितलं. नर्सनं बघितलं. माझ्या मुलानं तर माझ्याकडं पाठच केली. पलंगावर मी होते, बोट माझं होतं, आणि खोलीतली चारही माणसं एका धडधाकट बसलेल्या माणसाकडं तो मरतोय का म्हणून बघत होती.

एवढं होण्यासारखं काय झालं होतं, ते बुटापासून सांगते, कारण सुरुवात बुटानं केली.

माझं माहेर आटपाडीकडचं. चौथी शिकले. पायात पहिली चप्पल लग्न ठरल्यावर आली, ती चावली म्हणून काखेत मारून सासरी आले. सासर वडूजजवळचं. दोन्हीकडं जमीन सारखीच, दगड आणि बाभळीचे काटे. आमच्या पायांचे रोग आम्हीच करायचो आणि आम्हीच बरे करायचो. टाचेला भेगा पडायच्या, त्यात ज्वारीचा दाणा मावावा एवढ्या. त्यात राळ आणि तेल कढवून भरायचं. काटा आत मोडला की तिथं कुरूप व्हायचं, ते ब्लेडनं ताशायचं. कांद्याच्या वाफ्यात दिवसभर पाण्यात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, त्याला मेंदी थापायची. टाच दुखली की वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि पानावर टाच. ह्यातलं काही बरं व्हायचं, काही आपोआप बरं व्हायचं आणि नाव मेंदीचं व्हायचं. काहीच झालं नाही तर बाई लंगडत कामाला जायची. लंगडणारी बाई आमच्याकडं आजारी धरत नाहीत. काम करते आहे ना, मग झालं.

मालकांचे पाय मात्र वेगळ्या देशातले. ते मिलिट्रीत होते. रजेवर आले की सोप्यात बसून पाय पसरायचे, एकेका बोटाच्या मधली जागा टॉवेलनं पुसायचे आणि वर पावडर मारायचे. तळवे असे गुळगुळीत की त्यांच्यापुढं माझे पाय म्हणजे वाळलेलं चिखलाचं शेत. आणि पाय पुसता पुसता एक गोष्ट सांगायचे, ती सगळ्या गल्लीला पाठ आहे. बर्फाच्या चौकीवर रोज संध्याकाळी बूट-मोजे काढायचा हुकूम असायचा. प्रत्येक जवानानं शेजारच्याचे पाय बघायचे. बोट पांढरं पडलं, काळं पडलं, की ताबडतोब वर कळवायचं. एका पोराचं बोट काळं झालेलं त्यांनी ओळखलं, तो पोरगा नको नको म्हणत होता, तरी त्याला खाली पाठवला आणि त्याचा पाय वाचला. "पाय गेला तर जवान गेला," असं म्हणून गोष्ट संपायची. ती संपेपर्यंत मी त्यांच्या पायाखालची पावडर झाडून काढलेली असायची.

अशा माणसानं माझ्या पायाकडं बघितलेलं मला फक्त लग्नातलं आठवतं. तेव्हासुद्धा भटजींनी सांगितलं म्हणून.

मला साखर निघून तेव्हा बारा वर्षं झाली होती. गोळ्या घेत होते. हळूहळू पाय बधिर झाले होते. चालताना कापसावर चालल्यासारखं वाटायचं. मला त्याचा त्रास कधीच वाटला नाही. उलट बरंच वाटलं. जन्मभर टोचलं होतं, आता टोचायचं बंद झालं. वडूजचे साखरेचे डॉक्टर दर वेळी तीन गोष्टी सांगायचे. अनवाणी चालू नका. बंद पायताण घाला. रोज संध्याकाळी पाय उचलून तळवा बघा. तिसरी गोष्ट मी केली नाही. बाहत्तराव्या वर्षी कमरेतून वाकून स्वतःचा तळवा बघायचा म्हणजे सर्कशीतलं काम. आणि बघून काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन गोष्टी मात्र मी मनावर घेतल्या, आणि तिथंच घोटाळा झाला.

माझा मुलगा शिरवळला कंपनीत आहे. तिथं त्यांना काळे जाड बूट देतात, पुढं लोखंडाची टोपी असलेले. नवे मिळाले की जुने गावाकडं येतात. आमच्या भागात निम्म्या शेतकऱ्यांच्या पायात कुठल्या ना कुठल्या कंपनीचे असे बूट दिसतील. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात बंद पायताण, ह्याच्याइतकं बंद दुसरं काय असणार. बूट दोन बोटं मोठे होते. पुढच्या बाजूला जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या आणि नऊवारीखाली बूट घालून कांद्याच्या लागणीला निघाले. चहाच्या टपरीवरचा एक जण म्हणाला, काकू, भरती कवा झाला? मी म्हटलं, तुझ्यासारखे घरात बसले म्हणून आमाला जावं लागलं.

सून म्हणाली होती, आई, जोडवी काढून घाला बूट, टोचतील. मी तिला गप्प बसवलं. लग्नात सोनारानं जोडवी चढवली ती एकदाच, झिजली म्हणून, बदलली होती. तीही नणंदेनं समोर बसून, जुनं काढल्यावर बोट रिकामं राहू नये म्हणून तेवढा वेळ दोरा बांधून. जोडवी टोचतात का, हा प्रश्नच आमच्यात येत नाही. मी जन्मभर सगळ्यांच्या मूर्खपणाला हसले आहे, पण हा मूर्खपणा माझा स्वतःचा होता. तो मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकणार नाही.

आठ दिवस लागण चालली. वाफ्यातलं पाणी बुटात जायचं, चिंध्या भिजून फुगायच्या, लोखंडाची टोपी मागं हटायची नाही आणि मधे माझं बोट. शहाण्या पायानं पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. माझा पाय शहाणा राहिला नव्हता. नवव्या दिवशी अंघोळ करून स्वयंपाकघरात आले तर सून फरशीकडं बघत उभी. माझ्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते, डाव्या पायाचे लाल. तिनं मला खाली बसवून पाय बघितला आणि नणंदेला बोलवायला गेली. तिच्या मनात मला दवाखान्यात न्यायचं होतं. पण आमच्या घरात पायाचं काही असलं की आधी नणंदेला बोलवायची रीत आहे.

नणंद शेजारच्याच गल्लीत राहते. नवरा गेला तेव्हा माहेरच्या गावात येऊन राहिली. मालकांपेक्षा पाच वर्षांनी लहान, माझ्यापेक्षा वर्षानं लहान, आणि हुकूम दोघांवर. ती बिब्बा घेऊन आली. सुई बिब्ब्यात खुपसायची, दिव्यावर धरायची, तेल उकळून सुईच्या टोकाशी आलं की जखमेला टेकवायचं. माणूस किंचाळतो. मी किंचाळले नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी छताकडं. तिनं विचारलं दुखतं का, मी म्हटलं नाही. आणखी टेकवलं. तरी नाही.

"दुकत न्हाई म्हंजी भरून येतंय," ती म्हणाली आणि समाधानानं चहा मागितला.

मलाही ते पटलं. इथं मी तिला हसू शकत नाही. न दुखणारी जखम म्हणजे बरी होणारी जखम, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं आणि दोन दिवस तिच्यावर आणखी बिब्बा घातला. बोटाला फोड आले. फोड म्हणजे घाण बाहेर पडतेय, असंही ठरलं. मालक त्या दोन दिवसांत माझ्या पायाच्या चार हात अंतरावर बसून पेपर वाचत होते आणि आपल्या पायांना पावडर लावत होते.

तिसऱ्या दिवशी सून कुणाला न विचारता मला रिक्षात घालून वडूजला घेऊन गेली. डॉक्टरांनी बोट बघितलं आणि आधी बिब्ब्याला शिव्या दिल्या, मग बुटाला, मग मला. म्हणाले, साखरेनं तुमच्या पायाची जाण गेली आहे, रक्त नीट पोचत नाही, त्यात हे जोडवं म्हणजे बोटाला गळफास. हे आत्ताच्या आत्ता निघालं पाहिजे. त्यांच्याकडं कापायचं हत्यार नव्हतं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि समोरच्या सोनाराकडं पाठवलं.

सोनारानं आधी मला खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग पाय बघितला. साबण लावून झाला, बोटाला दोरा गुंडाळून जोडवं सरकवून झालं. साल निघालं, जोडवं जागचं हललं नाही. मी म्हटलं, कापून टाका. तो हातातली पक्कड खाली ठेवून म्हणाला, "काकू, आमी जोडवी घालतो. सवाष्णीची कापत न्हाई. मालकास्नी घिऊन या, त्येंनी समोर उभं राहून सांगितलं तर बगू." त्याच्या मागच्या काचेच्या कपाटात जोडव्यांच्या रांगा होत्या. त्यातलं एक कापलं असतं म्हणून त्याचं दुकान बुडणार नव्हतं. पण एका बाईचा नवरा आपल्या हातून मेला, असं नाव व्हायला तो तयार नव्हता.

आणि मालक तिथं येणं सोपं नव्हतं. दोनच महिन्यांपूर्वी सांगलीला त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती. तेव्हापासून घरात त्यांच्यासमोर भांडं जोरात ठेवायचं नाही, शिंकायचं तेही तोंड फिरवून. आमचं जोडवं असल्या दिवसांत अडकलं. फोनवर त्यांनी सोनाराचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, घरी या, बघू. ते "बघू" म्हणजे नको. पन्नास वर्षांत मला त्यांचे दोनच हुकूम समजले आहेत, एक "कर" आणि एक "बघू".

दुसऱ्या दिवशी सकाळी मला थंडी वाजून ताप भरला. मुलगा शिरवळहून गाडी घेऊन आला. त्यानं विचारलं, साताऱ्याला जायचं का. मला नव्हे, वडिलांना. मग सून मधे बोलली. ती कमी बोलते, त्या दिवशीही कमीच बोलली. म्हणाली, विचारत बसलात तर आईंना उचलून न्यावं लागंल. मग निघालो. नणंदेला कुणी बोलावलं नव्हतं. ती मागच्या सीटवर आधीच बसलेली होती.

वाटभर ती तिच्या जोडव्याची गोष्ट सांगत होती. ही तिची गोष्ट, मालकांच्या बर्फाच्या गोष्टीसारखीच, सगळ्यांना पाठ. तिच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. गोठ्यात म्हैस तिच्या पायावर उभी राहिली आणि जोडवं तुटलं. वर्षाच्या आत नवरा गेला. त्याचं लिव्हर गेलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तो हातभट्टीच्या गुत्त्यावर जोडवं घडवायच्या आधीपासून जात होता. पण तिच्या सासूनं तेराव्याच्या दिवशी सगळ्या बायकांत बसून सांगितलं, हिच्या पायानं माझं पोरगं नेलं. त्यानंतर तिला त्या घरात राहू दिलं नाही. मी ही गोष्ट तीस वर्षं ऐकत होते आणि ऐकताना दुसरंच काम करत होते. त्या दिवशी गाडीतही मी ऐकत नव्हते. तापात होते आणि तिच्या बडबडीला कंटाळले होते.

तर अशा रीतीनं आम्ही त्या खोलीत आलो, सून कागदपत्रं करायला बाहेर थांबली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, आजी, तुमची परवानगी आहे ना. मी म्हटलं आहे. तेवढ्यावर काम व्हायला हवं होतं. पण नणंदेनं घोटा धरला. बाई म्हणाल्या, बोट बहुतेक जाणार, पण जोडवं आत्ता नाही काढलं तर विष वर चढेल, मग पाय कुठून काढायचा ते मला सांगता येणार नाही. हे त्यांनी मला सांगितलं, पण बघत होत्या मालकांकडं, कारण नणंद फक्त त्यांचं ऐकते.

मालक जिभेखालची गोळी चघळत होते. ती चघळायची नसते.

मग त्यांनी विचारलं, "दुसरा काय उपाय न्हाई का?"

बंदुकीच्या गोळीला न भ्यालेला माणूस. दोन मेडल देव्हाऱ्याशेजारी टांगलेली आहेत. आणि चांदीच्या एका वाटोळ्या तुकड्याला असा भ्याला होता की माझ्या पायाकडं बघायची हिंमत होत नव्हती, स्टुलाच्या पायाकडं बघत होता. मला राग आला नाही. राग यायला अंगात ताकद लागते. मला फक्त ती पावडर आठवली.

मी म्हटलं, "बर्फातल्या त्या पोराच्या पायात जोडवं असतं, तर तुमी त्येला खाली पाठवला असता का न्हाई?"

मुलानं वळून बघितलं. मालक उठले. पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले आणि माझ्या पायाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं, जसं तिकडं बर्फात बघत असतील. मग बहिणीला म्हणाले, "सोड."

तिनं सोडलं नाही.

"दादा, तुला काय झालं तर?"

"झालं तर झालं. काळं पडलंय ते. सोड."

तिनं हात काढले. मला ते हात लागत नव्हतेच, बधिर पायाला काय लागणार, पण काढल्यावर घोट्यावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे दिसले.

बाईंनी पक्कड घातली. कट्ट असा आवाज झाला. आणि खोलीतल्या सगळ्यांनी मालकांकडं बघितलं. बाईंनीसुद्धा बघितलं, मी शपथेवर सांगते. मालक उभे होते. मग त्यांनी ढेकर दिला. गाडीत बसायच्या आधी भजी खाल्ली होती. नणंद मटकन खाली बसली, मुलानं त्यांना धरलं, नर्स यंत्र घेऊन धावली आणि त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजायला लागली. जोडवं कापल्यानंतर त्या दवाखान्यात पहिला उपचार झाला तो माझ्या नवऱ्याच्या ढेकरेवर. माझं बोट तसंच उघडं पडलेलं होतं. मी बाईंना म्हटलं, त्यांचं झालं की इकडं पण बघा.

उजव्या पायातलं जोडवं मी स्वतः काढलं. साबण मागितला, फिरवलं, निघालं. कुणाला विचारलं नाही, आणि कुणी बघितलंही नाही. दोन्ही जोडवी नर्सनं कापसात गुंडाळून दिली. नणंदेनं ती पुडी माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या कमरेला खोचली.

बोट तिसऱ्या दिवशी गेलं. पाय वाचला. पंधरा दिवस दवाखाना, मग घरी रोज पट्टी, सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. नवी चप्पल आली, मऊ तळव्याची, मागं पट्टा असलेली, साखरेच्या माणसांसाठी वेगळी करतात ती. दिसायला घाणेरडी आहे. बुटांची जोडी सुनेनं भंगारवाल्याला दिली. त्यानं ती तिथंच पायात घातली आणि गेला.

घरी आल्यावर बायका बघायला आल्या. सगळ्याजणी तोंडानं पायाची चौकशी करायच्या आणि डोळ्यांनी मालकांची. ते अंगणात फिरताना दिसले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा, काही जणींची थोडी निराशाही व्हायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीनं करंडा माझ्यापुढं धरला आणि थांबली. नवरा आहे, जोडवी नाहीत. लावायचं की नाही, हे तिला कळेना. मी तिचं बोट धरून माझ्या कपाळाला लावून घेतलं. सोनारानं निरोप पाठवला, आता मधल्या बोटाचं माप द्या, नवं घडवतो. जो कापायला तयार नव्हता तो घडवायला मात्र तयार होता. मी निरोप पाठवला, आधी डाव्या पायाला बोट घडव.

एक गोष्ट बदलली. रोज चार वाजता, चहाच्या आधी, मालक सोप्यात स्टूल मांडतात आणि हुकूम देतात. पाय वर. मी पाय वर करते. ते चष्मा लावून तळवा बघतात, मलाही दिसावं म्हणून हातातला आरसा खाली धरतात, बोटांच्या मधे बघतात, टाचेला तेल लावायला सांगतात आणि बेचक्यात लावू नको म्हणून दर वेळी दटावतात. नखं सरळ कापायची, कडेला कोरायची नाहीत, कुरूपाला ब्लेड लावायचं नाही. हे सगळं वडूजच्या डॉक्टरांनी बारा वर्षं मला सांगितलं होतं. पण आता मालक ते असं सांगतात जसं त्यांना बर्फातच कळलं होतं. उशिरा का होईना, माझे पाय पलटणीत भरती झाले. मी त्यात फार काही शोधत नाही. त्यांना रिटायर झाल्यापासून हुकूम द्यायला कुणी नव्हतं.

नणंद वर्षभर आमच्याकडं कमी आली. यायची ती मालकांना बघायला. त्यांनी जेवण किती केलं, धाप लागते का, विचारून जायची. माझ्याशी बोलायची नाही. वर्ष पुरं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी एकटीच होते, लसूण सोलत होते. तिनं कमरेची पुडी काढून माझ्यापुढं ठेवली. कापूस काळा पडला होता. वर्षभर तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली होती.

"दादाला काय झालं न्हाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही झालं.

ती भिंतीला टेकून बसली. लसणाची एक कुडी उचलली आणि सोलायला लागली. चार पाकळ्या झाल्यावर म्हणाली, "वैनी, मग आमचं ह्ये कशानं गेलं?"

तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनं त्याला उलट्या करताना बघितलं होतं, गुत्त्यावरून उचलून आणलं होतं. पण तीस वर्षांत हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नव्हता, आणि सासूनं जे सांगितलं ते चुकीचं आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी दुसरंच काम करत होते.

"दारूनं गेलं, वन्सं," मी म्हटलं. "तुमच्या पायानं न्हाई."

ती "व्हय" म्हणाली आणि उरलेला लसूण सोलला. मग पाय पुढं करून म्हणाली, ह्ये बग जरा, लय दिस झालं. उजव्या तळव्याला मोठं कुरूप होतं, ब्लेडनं ताशून ताशून भोवती काळं पडलेलं. मी विचारलं, दुखतं का. म्हणाली, आधी दुखायचं, आता नाही.

मी लसणाचं ताट बाजूला ठेवलं आणि सुनेला रिक्षा बोलवायला सांगितलं. वडूजला तिची साखर तपासली, ती माझ्यापेक्षा जास्त निघाली. कुरूप डॉक्टरांनी काढलं, महिनाभर पट्टी केली, भरून आलं. तेव्हापासून चार वाजता सोप्यात दोन बायका पाय वर करून बसतात आणि एक म्हातारा आरसा घेऊन फिरतो. तिला तो जास्त दटावतो.

जोडवी मी सुनेला दिली. तिनं ती मोडून काय केलं मी विचारलं नाही. ती स्वतः जोडवी घालते, पण सैल, आणि संध्याकाळी भांडी घासायच्या आधी काढून खिडकीत ठेवते. माझा मुलगा अजून तरी कशानं गेलेला नाही.

जोडवं कापल्याला आता चार वर्षं झाली. मालक ऐंशी वर्षांचे आहेत आणि जिवंत आहेत. नणंद जिवंत आहे. मी जिवंत आहे, नऊ बोटांची.